चर-चापरींवरील पाणी व स्वच्छता

आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या पात्रात गाळ साचून वर आलेल्या बेटाला चर म्हणतात, आणि काठालगतच्या, दर पावसाळ्यात बुडणाऱ्या सखल पट्ट्याला चापरी. मराठीत चर म्हणजे जमिनीत खणलेली खाच. तिकडे नेमके उलटे, पाण्यातून वर आलेली जमीन. या बेटांवर पिण्याचे पाणी आणि संडास यांची सोय कशी होते, किंवा का होत नाही, हा या नोंदीचा विषय.

गोव्यातली दिवाडी, चोडण, जुवें ही बेटेही नदीतलीच, पण तिथे शेकडो वर्षांची देवळे, चर्च आणि विहिरी जागच्या जागी आहेत. चराला असे वय नसते. एखादा चर चाळीस वर्षे टिकतो, एखादा चार पावसाळ्यांत कापला जातो आणि खाली कुठेतरी त्याच गाळाचा नवा चर उभा राहतो. राज्य सरकारच्या 2002-03 च्या पाहणीत 14 जिल्ह्यांत 2,251 चर-गावे नोंदली गेली. लोकसंख्या सुमारे 24 लाख 90 हजार, साक्षरता 19.31 टक्के, दारिद्र्यरेषेखालील लोक 67.89 टक्के. आकडे जुने आहेत, पण एवढी सविस्तर मोजदाद असल्यामुळे आजही याच पाहणीचा हवाला दिला जातो. वस्ती मुख्यतः पूर्व बंगालातून आलेल्या मुसलमान शेतकऱ्यांची. वरच्या आसामात मिशिंग व देवरी जमाती, आणि गुरे राखणारे नेपाळी गवळी.

नदी अशी अस्थिर होण्यामागे हिमालयातून येणारा प्रचंड गाळ आहे. त्यात 15 ऑगस्ट 1950 च्या भूकंपाची भर पडली. 8.6 तीव्रतेच्या त्या धक्क्याने डोंगर ढासळले आणि दिब्रुगडजवळ नदीचा तळ सुमारे तीन मीटर उचलला गेला. तळ वर आल्यावर पाणी आडवे पसरू लागले, काठ कापू लागले. तेव्हापासून आसामची सुमारे 4 लाख 27 हजार हेक्टर जमीन नदीने गिळली, असा सरकारी अंदाज आहे. पाणी आणि संडासाच्या कुठल्याही योजनेचा विचार या जमिनीपासूनच सुरू करावा लागतो.

चरावर पाण्याची कमतरता नाही. दहा-पंधरा फुटांवर भूजल लागते. हातपंपाला आसामीत दमकल म्हणतात, आणि तो बसवायला यंत्र लागत नाही. बांबूची तरफ करून लोखंडी नळी वाळूत वरखाली करतात. एक जण वर बसून नळीच्या तोंडावर तळहात ठेवतो. नळी वर जाताना झाकतो, खाली जाताना उघडतो. तळहात हीच झडप. प्रत्येक हिसक्याला चिखलपाणी बाहेर उसळते आणि नळी खाली सरकते. तीन-चार माणसे दिवसभरात दमकल उभा करतात. काठ कापत जवळ आला की हेच लोक घराचे पत्रे उतरवतात, नळी उपसून काढतात, पंपाचे डोके सोडवतात आणि सगळे होडीत घालून दुसऱ्या चरावर नेतात. या सगळ्या विषयातले सर्वांत यशस्वी तंत्रज्ञान हेच म्हणावे लागेल, कारण ते माणसाबरोबर स्थलांतर करते.

त्याच्या पाण्यात मात्र दोष आहे. पहिला डोळ्यांना दिसतो: लोह. भांडी तांबूस होतात, कपड्यांवर डाग पडतात, भात काळपट होतो, चहा शाईसारखा. त्यावर घरोघरी वाळू आणि कोळशाच्या थरांची गाळणी असते. दुसरा दोष दिसत नाही, त्याला रंग-वास-चव काही नाही: आर्सेनिक. हिमालयातून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ लेप असतो आणि आर्सेनिक त्या लेपाला चिकटलेले असते. गाळात पुरलेला पालापाचोळा कुजताना जिवाणू जमिनीतला प्राणवायू संपवतात. मग लेप विरघळतो आणि लोहाबरोबर आर्सेनिकही पाण्यात उतरते. म्हणून वरवरच्या थरातले, साधारण 15 ते 60 मीटरमधले पाणी अधिक धोक्याचे, आणि दीडशे मीटरखालचे बहुधा सुरक्षित. तळहाताच्या झडपेने एवढे खोल जाता येत नाही. त्यासाठी यंत्र होडीवर चढवून आणावे लागते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आर्सेनिक चालते. वर्षानुवर्षे जास्त पोटात गेले की तळहात-तळपायांची कातडी जाड व खरखरीत होते, अंगावर काळे-पांढरे ठिपके येतात, पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

या बाबतीत बांगलादेशाची कहाणी कडू आहे. 1970 च्या दशकात तळ्यांचे दूषित पाणी सोडून नलिकाकूपाचे (हातपंपाचे) प्या, असा प्रचार युनिसेफ आणि तिथल्या सरकारने केला. हेतू चांगला होता, पण पाण्यात आर्सेनिक आहे का हे तपासण्याचा प्रघात तेव्हा नव्हता. 1993 मध्ये चापाई नवाबगंज जिल्ह्यात ते सापडले. नंतर लाखो पंप तपासून सुरक्षित हिरवे, असुरक्षित लाल असे रंगवले गेले. आसामात तेजपूर विद्यापीठात प्रा. रॉबिन कुमार दत्ता यांच्या गटाने ‘आर्सिरॉन निलोगोन’ नावाची पद्धत काढली. खाण्याचा सोडा, पोटॅशियम परमँगनेट आणि फेरिक क्लोराइड ठरलेल्या प्रमाणात टाकायचे, गाळ खाली बसू द्यायचा, पाणी वाळूतून गाळून घ्यायचे. वीज लागत नाही. लोह आणि आर्सेनिक दोन्ही जातात. मात्र रोज न चुकता करायची कोणतीही पद्धत घरातल्या बाईच्या कामात आणखी एक काम वाढवते, आणि तिथेच अनेक गाळण्या कोपऱ्यात पडून राहतात.

पुरात प्रश्नच बदलतो. दमकलाचे तोंड पाण्याखाली गेले की पुराचे पाणी नळीतून थेट खाली उतरते. पूर ओसरल्यावर पंपाला पाणी चढावे म्हणून वरून तांब्याभर पाणी ओततात. ते पाणी नदीचे असले तर उरलेसुरले दूषण तिथूनच आत जाते. उपाय साधा आहे: पंप उंच ओट्यावर बसवणे, किंवा पुराआधी नळीला जादा तुकडा जोडून तोंड उंचावणे, आणि पूर उतरल्यावर ब्लीचिंग पावडरीचे द्रावण ओतून, बराच वेळ उपसून, मगच वापरणे. ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला चरावर ऐकायला बरा. पुरात तागाच्या काड्या भिजलेल्या, शेणी वाहून गेलेल्या, चूल बाजेवर. चहापुरते जळण मिळाले तरी नशीब. त्यामानाने पाऊस हाताशी असतो. पत्र्याच्या पन्हळीला, किंवा चार बांबूंना ताणलेल्या स्वच्छ प्लास्टिकला भोक पाडून खाली घागर ठेवली, आणि पहिल्या सरीचे पाणी सोडून दिले, की आर्सेनिक नाही आणि लोहही नाही. उत्तर बिहारात कोसीच्या पूरग्रस्त पट्ट्यात ‘मेघ पाईन अभियान’ने हीच रीत पसरवली.

संडासाचे कोडे पाण्यापेक्षा अवघड आहे. सरकारी अनुदानातून, म्हणजे स्वच्छ भारत मोहिमेच्या 12,000 रुपयांत, ठरावीक नमुना बसतो तो दोन शोषखड्ड्यांचा. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यातल्या मैल्याचे खत होऊ द्यायचे. या नमुन्याला खड्ड्याचा तळ आणि भूजल यांत सुमारे दोन मीटर कोरडी माती लागते. चरावर ती पावसाळ्यात नसते. मग खड्ड्याचा तळ बंद करून भोवती अर्धा मीटर वाळूचे वेष्टण द्यावे, आणि दमकलापासून दहा मीटर अंतर ठेवावे, असे तांत्रिक नियम सांगतात. पण जिथे सगळे घरच दहा मीटर रुंदीच्या उंचवट्यावर दाटीने बसलेले असते, तिथे हे अंतर मोजायचे कुठे? पूर आला की खड्डे पाण्याने भरतात आणि आतले सगळे बाहेर तरंगते. तेव्हा पुरुष होडीतून कुठेही जातात. बायका अंधार पडेपर्यंत थांबतात, किंवा केळीच्या खांबांच्या तराफ्यावर, ज्याला तिकडे भूर म्हणतात, आडोसा शोधतात. त्या दिवसांत जाण्याची वेळ येऊ नये म्हणून कमी खाणे-पिणे हा त्यांचा उपाय आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही आकडेवारीत होत नाही.

टिकलेले उपाय दोन प्रकारचे. एक, जमीनच उचलायची. बांगलादेशात 2004 ते 2016 या काळात ब्रिटन व ऑस्ट्रेलियाच्या मदतीने चाललेल्या चर उपजीविका कार्यक्रमात माती टाकून घरांचे जोते आजवरच्या सर्वांत उंच पुराच्या दोन फूट वर नेले गेले. संडास आणि पंप त्याच जोत्यावर आले. मिशिंग लोकांचे चांग घर, म्हणजे बांबूच्या खांबांवरचे घर, हे याच विचाराचे जुने रूप. दुसरा उपाय खड्डाच न खणण्याचा: जमिनीवर दोन कप्पे बांधायचे, लघवी वेगळी वाहून न्यायची, मैल्यावर दर वेळी राख टाकायची आणि भरलेला कप्पा काही महिने बंद ठेवायचा. पाणी कमी लागते, भूजल वाचते, शेताला खत मिळते. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणारा संडास याच दिशेने घडवला होता. अडचण राखेची नाही, वळणाची आहे: धुण्याचे पाणी कप्प्यात न पडू देणे सवयीचे व्हायला वेळ लागतो, आणि शिकवायला कोणी वारंवार आले नाही तर कप्प्याची सांडपाण्याची टाकी होते.

2019 पासूनच्या जल जीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज 55 लिटर नळाचे पाणी हे आहे. टाकी, पंपघर, जलवाहिनी अशी योजना करायची तर जागेचा कागद लागतो. अनेक चरांची जमीन-मोजणीच झालेली नाही, पट्टे नाहीत. जमीन सरकारी, आणि उद्या नदीची. त्यामुळे खर्च मंजूर करणारा अधिकारी बिचकतो, त्यात त्याचा फार दोष नाही. लहान सौर पंप, सुटी करता येणारी लोखंडी चौकट आणि प्लास्टिकची टाकी हा प्रकार इथे शोभतो, पण अंदाजपत्रकात ‘कायमस्वरूपी मालमत्ता’ हा रकाना असतो, ‘उचलून नेता येणारी’ असा नसतो.

जुलाब, कावीळ, खरूज यांवर उपचार होडीतून येतात. सेंटर फॉर नॉर्थ ईस्ट स्टडीज या संस्थेने संजय हजारिका यांच्या पुढाकाराने दिब्रुगडमध्ये ‘आखा’ (आशा) नावाची बोट बांधून फिरता दवाखाना सुरू केला. 2008 पासून राज्याच्या आरोग्य अभियानाबरोबर त्याचा विस्तार झाला. डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि लहान प्रयोगशाळा असलेल्या या बोटी लसी देतात, क्षारसंजीवनी आणि पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या वाटतात. हिवाळ्यात पात्र आटले की बोट दूर वाळूत अडकते, आणि लसींची पेटी खांद्यावर घेऊन परिचारिका दोन-दोन तास वाळू तुडवत चरावर पोचतात.