एचएमओंच्या चौकशीचे राज्यांचे अधिकार (अमेरिका)

एचएमओ, म्हणजे हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन, ही अमेरिकेतली एक प्रकारची आरोग्य योजना. ठरलेला हप्ता आधी घेऊन ती सभासदाला आपल्या जाळ्यातल्या डॉक्टरांकडून व रुग्णालयांतून उपचार पुरवते. पैसे आधीच जमा झालेले असल्याने उपचार नाकारला किंवा लांबवला की योजनेचीच बचत होते. सरकारला तिच्यावर लक्ष ठेवावे लागते ते यासाठी. आपल्याकडे विमा हा केंद्राचा विषय. अमेरिकेत तो मुख्यतः राज्यांचा, आणि १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले.

या अधिकारांचे सर्वांत ठसठशीत रूप कॅलिफोर्नियात दिसते. तिथे आरोग्य योजनांसाठीचा १९७५ चा नॉक्स-कीन कायदा लागू असून २००० पासून त्याची अंमलबजावणी डिपार्टमेंट ऑफ मॅनेज्ड हेल्थ केअर हे खाते करते. दर ३ वर्षांनी निदान एकदा वैद्यकीय पाहणी आणि ५ वर्षांतून निदान एकदा आर्थिक तपासणी होते, कोणी तक्रार केलेली असो वा नसो. शंका आली तर अधेमधेही तपासणी करता येते. योजनेचेच नव्हे, तिच्याशी करार केलेल्या डॉक्टरांचे दप्तरही खात्याला पाहता येते. तपासनीस नाकारलेल्या उपचारांच्या फायली काढतात: नकार कोणी दिला, तो निर्णय घेण्याइतके वैद्यकीय ज्ञान त्याला होते का, कारण रुग्णाला समजेल असे लिहिले का? भेटीच्या तारखाही पाहतात. तातडी नसेल तर नेहमीच्या डॉक्टरची भेट १० आणि तज्ज्ञाची १५ कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी.

हे अधिकार कागदावरच राहत नाहीत. मानसोपचाराच्या भेटी वेळेवर न दिल्याबद्दल कैसर परमनंटे या एचएमओला २०१३ मध्ये ४० लाख डॉलर दंड झाला. दुखणे तिथेच थांबले नाही. २०२२ मध्ये खात्याने पुन्हा खास चौकशी लावली आणि २०२३ मध्ये २० कोटी डॉलरची तडजोड झाली: ५ कोटी दंड, उरलेले १५ कोटी ही सेवा सुधारण्यासाठी.

एकट्या रुग्णासाठी मात्र स्वतंत्र वैद्यकीय फेरतपासणी जास्त मोलाची. आधी योजनेकडे गाऱ्हाणे नोंदवायचे. ३० दिवसांत निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर बाहेरचे डॉक्टर विनाशुल्क प्रकरण पाहतात. त्यांचा निर्णय योजनेवर बंधनकारक असतो. इलिनॉय राज्यातल्या अशाच तरतुदीला रश प्रुडेन्शियल या एचएमओने आव्हान दिले होते. २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती उचलून धरली.

राज्यांचा हात अडतो तो मालकाने कर्मचाऱ्यांना दिलेल्या योजनांसाठीच्या १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्यापाशी. कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च मालक स्वतःच्या तिजोरीतून करत असेल, तर ती योजना राज्याच्या विमा कायद्यांच्या कक्षेबाहेर जाते. अशा वेळी कार्डावर नामांकित विमा कंपनीचे नाव असले तरी ती फक्त कारभार पाहत असते आणि तक्रार केंद्राच्या कामगार खात्याकडे न्यावी लागते. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) नोकरीला असलेल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे. आपली योजना यांपैकी कोणती, हे कंपनीच्या एचआरला विचारले की कळते.