स्पॉकच्या रक्ताचा रंग

'स्टार ट्रेक'मधलं यान प्रकाशापेक्षा जोरात पळतं, याबद्दल माझी तक्रार नाही. निर्वात पोकळीत स्फोटांचे आवाज येतात, तेही मी कधीच पोटात घातलंय. पण ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका पाहिली, तेव्हापासून स्पॉकचं, म्हणजे यानावरच्या त्या अर्ध्या परग्रहवासी अधिकाऱ्याचं, हिरवं रक्त काही घशाखाली उतरत नाही.

१९६७च्या 'ऑब्सेशन' या भागात रक्तातल्या लाल पेशी शोषणारा, ढगासारखा एक जीव येतो. स्पॉक त्याच्या तावडीतून सुटतो, कारण त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये म्हणे लोहाऐवजी तांबं आहे.

आता तांब्यावर चालणारं रक्त खरोखर असतं. खेकडा, कोळंबी, माकूळ, विंचू, सगळ्यांचं तसंच. त्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोसायनिन नावाचं प्रथिन असतं. त्यातले तांब्याचे दोन अणू मिळून ऑक्सिजनचा एक रेणू धरतात. पण ऑक्सिजन धरला की ते निळं दिसतं आणि सोडला की जवळजवळ रंगहीन. हिरवं नाहीच!

बरं, स्पॉक म्हणतो तसं हिमोग्लोबिनच ठेवून आतलं लोह तेवढं बदललं तर? मग आणखीच पंचाईत. हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू पॉर्फिरिन नावाच्या कड्यात बसलेला असतो. तसल्याच कड्यात तांबं बसवलेलं रंगद्रव्य आफ्रिकेतल्या तुराको पक्ष्याच्या पंखांत सापडतं, आणि ते असतं लालभडक. मला आपला संशय येतो की लेखकांच्या डोळ्यांसमोर तांब्याच्या भांड्यांवर चढणारा हिरवा कळंक असावा.

एका बाबतीत मात्र त्यांना दाद द्यायला हवी. हिमोसायनिन पेशींत भरलेलं नसतं, ते रक्तात मोकळंच विरघळलेलं असतं. त्यामुळे रक्त दाट होतं आणि तेवढ्याच रक्तातून आपल्यापेक्षा बराच कमी ऑक्सिजन वाहून नेला जातो. ऑक्टोपसला तीन हृदयं लागतात ती काही उगाच नाही. १९६६च्या 'द नेकेड टाइम'मध्ये डॉ. मॅकॉय स्पॉकची नाडी मोजतात: मिनिटाला २४२ ठोके. वा, अगदी असंच हवं! पण त्याच दमात डॉक्टर सांगतात, रक्तदाब जवळपास नाहीच. इतकं दाट रक्त दाबाशिवाय पुढे सरकणार कसं, हो डॉक्टर?

जाता जाता, तुराकोची हिरवी पिसंही तांब्याच्याच दुसऱ्या एका रंगद्रव्यामुळे हिरवी असतात. पिसं काही ऑक्सिजन वाहत नाहीत, पण स्पॉकच्या बाजूनं एवढा पुरावा नोंदवून ठेवतो.