गुडिसन ते ब्रॅमली-मूर गोदी : एव्हर्टनच्या नव्या स्टेडियमच्या वादाची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या ब्रॅमली-मूर गोदीत एव्हर्टन या फुटबॉल क्लबचं स्टेडियम उभं राहिलं, पण त्यावरचा वाद काही 2017 मध्ये जागा जाहीर झाली तेव्हा सुरू झाला नव्हता. त्याआधी वीस वर्षं क्लबचे चाहते एकामागून एक जागांवरून भांडत होते. प्रत्येक फसलेल्या योजनेने त्यांच्या हाती एकेक प्रश्न दिला. पैसा कुणाचा? जागा शहराच्या हद्दीत आहे का? सामना सुटल्यावर पन्नास हजार माणसं घरी कशी जाणार? हे आधीचे प्रश्न ठाऊक असले, की गोदीवरच्या चर्चेत लोक एवढ्या बारीकसारीक गोष्टींवर का अडून बसले ते कळतं.

मुळात गुडिसन पार्क हे जुनं मैदान सोडायचंच कशाला? एव्हर्टन 1884 पासून अ‍ॅनफिल्डवर खेळत होतं. त्या मैदानाचे मालक जॉन हूल्डिंग यांच्याशी भाड्यावरून आणि जागेवरून बिनसलं, तेव्हा क्लबने स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे स्वतःचं मैदान बांधलं आणि 24 ऑगस्ट 1892 रोजी ते खुलं झालं. रिकाम्या राहिलेल्या अ‍ॅनफिल्डसाठी हूल्डिंग यांनी नवा क्लब काढला, तो म्हणजे लिव्हरपूल एफसी. गुडिसनवर 1948 मध्ये लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याला 78,299 प्रेक्षक होते, आणि 1966 च्या विश्वचषकाचे पाच सामने इथे झाले, त्यात एक उपांत्य सामना होता. पण 1989 मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर सगळीकडे खुर्च्या बसवणं सक्तीचं झालं आणि क्षमता 40,000 च्या खाली आली. जुन्या स्टँडचं छप्पर खांबांवर उभं, त्यामुळे हजारो जागांवरून मैदानाचा काही भाग दिसतच नसे. चहूबाजूंनी रस्ते आणि घरांच्या चाळवजा ओळी, एका कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च. एखादा स्टँड मागे सरकवायचा तर आधी शेजाऱ्यांची घरं विकत घ्यायला हवीत, आणि बांधकामाच्या काळात हंगामभर बुडणारं तिकिटांचं उत्पन्न वेगळंच.

नदीकाठची पहिली योजना किंग्ज डॉकची. 2000 नंतर पुढे आलेली ही कल्पना शहराच्या अगदी मध्यात होती: 55,000 क्षमता, उघडझाप होणारं छप्पर, सार्वजनिक पैशाचा मोठा वाटा. क्लबने आपला 3 कोटी पौंडांचा हिस्सा उभा करायचा होता. तो वेळेत जमला नाही आणि 2003 मध्ये योजना बारगळली. त्याच गोदीत 2008 मध्ये बंदिस्त अरेना उघडला. आजही जुन्या चाहत्यांपुढे किंग्ज डॉकचं नाव काढलं की चेहरे पडतात, आणि ते योग्यच आहे. एवढी मोक्याची जागा त्या मानाने किरकोळ रकमेपायी गेली. तेव्हापासून क्लबच्या कोणत्याही चित्रावर विश्वास ठेवण्याआधी लोक पैशाचा हिशेब मागू लागले.

दुसरी योजना कर्कबीची. टेस्को या सुपरमार्केट साखळीसोबत, शहराच्या हद्दीबाहेर नोझ्ली परिसरात, सुमारे 50,000 क्षमतेचं स्टेडियम. ऑगस्ट 2007 मध्ये क्लबने चाहत्यांचं मतदान घेतलं. बाजूने 15,230 आणि विरोधात 10,468 मतं पडली, म्हणजे 59.27 टक्के होकार. क्लबने याला कौल मानलं. विरोधकांचं म्हणणं, प्रचारसाहित्यात एकच बाजू होती आणि ‘कर्कबी नाही तर काय’ या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. ‘एव्हर्टन आपल्या शहरातच राहू द्या’ म्हणणारा गट सार्वजनिक चौकशीत आकडे घेऊन उतरला. नोव्हेंबर 2009 मध्ये सरकारने योजना फेटाळली. प्रस्तावित दुकानांचा पसारा एवढा होता की आसपासच्या गावांच्या बाजारपेठा मार खातील, हे त्यामागचं मोठं कारण. त्यानंतर 2014 मध्ये वॉल्टन हॉल पार्कचा प्रस्ताव आला आणि दोन वर्षांत विरून गेला.

2016 मध्ये उद्योगपती फर्हाद मोशिरी यांनी क्लबमध्ये मोठा हिस्सा घेतला. पुढच्या वर्षी पील कंपनीकडून ब्रॅमली-मूर गोदीची जागा 200 वर्षांच्या भाडेपट्ट्याने ठरली. ही गोदी बंदराचे अभियंते जेसी हार्टली यांनी बांधलेली, 1848 मध्ये सुरू झालेली. ग्रॅनाइटच्या भक्कम भिंती ही हार्टलींची खूण. पुढे इथून मुख्यतः कोळसा जात असे. (अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात मुंबईचा कापूस याच शहराच्या धक्क्यांवर उतरत होता, आणि त्या व्यापारातून मुंबईत जो पैसा खेळला त्यावर बॅकबेच्या भरावाचे बेत आखले गेले.) एकविसाव्या शतकापर्यंत या भागात उंच भिंतीआड साचलेलं पाणी आणि उत्तरेला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, एवढंच उरलं होतं.

खरा वारसावाद इथे पेटला. लिव्हरपूलचा व्यापारी बंदरभाग 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होता आणि नदीकाठच्या मोठ्या विकास आराखड्यामुळे 2012 मध्ये ‘धोक्यातील’ यादीत गेला होता. गोदी बुजवण्याला हिस्टॉरिक इंग्लंड या वारसासंस्थेने हरकत घेतली. फेब्रुवारी 2021 मध्ये शहर परिषदेने एकमताने परवानगी दिली आणि जुलैमध्ये युनेस्कोने शहराचं नाव यादीतून काढलं. असं नाव गमावलेलं हे जगातलं तिसरंच स्थळ. बहुतेक चाहत्यांनी खांदे उडवले. माझ्या मते हरकत घेणाऱ्यांना सरसकट विकासविरोधी ठरवणं अन्यायाचं होतं. त्यांच्या दबावाचा फायदाही झाला: जुन्या भिंती उखडल्या नाहीत, 1883 चा हायड्रॉलिक मनोरा जपला आणि पश्चिमेला पाण्याचा एक पट्टा राखला. 2020 मध्ये सुधारलेल्या आराखड्यात नदीकडच्या बाजूचं बहुमजली वाहनतळ गेलं आणि तिथे पायऱ्यांचं मोकळं प्रांगण आलं.

गोदी बुजवण्याचं काम दिसतं त्याहून नाजूक होतं. आधी तळाशी महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब आहेत का ते तपासायचं, मग आतले मासे पकडून हलवायचे. मग आयरिश समुद्राच्या तळातून, सुमारे 20 मैलांवरून, ड्रेजर जहाजाने वाळू आणायची आणि पाण्यात कालवून पाइपने आत सोडायची. अशी सुमारे 4.5 लाख घनमीटर वाळू लागली. नुसती टाकलेली वाळू सैल असते, पुढे असमान खचते. म्हणून कंपन देणारे लांब दांडे खोल घालून ती दाबून बसवली. बांधकामाचं वजन मात्र वाळूवर नाही. खांबांचे पाये वाळूतून आरपार खालच्या खडकापर्यंत नेले आहेत.

चाहत्यांची सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती: चकचकीत पण मुकं स्टेडियम. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी लिव्हरपूलने दावा केला, तेव्हा याच स्टेडियममध्ये अ‍ॅथलेटिक्स घेण्याचा विचार पुढे आला. धावपट्टीमुळे प्रेक्षक मैदानापासून किती लांब जातात ते वेस्ट हॅमच्या लंडनमधल्या मैदानावर सगळ्यांनी पाहिलं होतं. यजमानपदासाठी बर्मिंगहॅमची निवड झाली आणि तो विषय संपला. वास्तुविशारद डॅन मायस यांच्यापुढे मग मागणी एकच होती, जवळ आणि उभट. दक्षिणेचा एकसलग स्टँड सुमारे 13,000 जणांचा आहे. पहिली रांग मैदानाला जितकी खेटून, तितका मागचा उतार चढा लागतो, नाहीतर पुढच्याचं डोकं आड येतं. मागच्या प्रेक्षकाची नजर पुढच्याच्या डोळ्यांपेक्षा किती वरून जाते ती उंची सी-व्हॅल्यू म्हणून मोजतात. 90 मिलिमीटर उत्तम, 60 चालण्याजोगी. ती साधत साधत हा स्टँड परवानगीच्या कमाल उताराला, जवळजवळ 35 अंशांना, टेकला आहे. क्लबने लोकांशी केलेल्या सल्लामसलतीच्या दुसऱ्या फेरीत 43,000 हून अधिक प्रतिसाद आले ते या रेखाचित्रांवर.

पैशाचा जुना प्रश्न मात्र सुटला नाही. सुरुवातीला 50 कोटी पौंडांचा अंदाज होता, शहर परिषदेकडून 28 कोटींच्या कर्जाची बोलणी होती. ते कर्ज आलं नाही आणि खर्च कितीतरी वर गेला. 2022 मध्ये रशियन अब्जाधीश अलिशेर उस्मानोव्ह यांच्यावर निर्बंध आले आणि त्यांच्या कंपनीचं प्रायोजकत्व थांबलं. तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांहून जास्त तोटा नको हा प्रीमियर लीगचा नियम मोडल्याने नोव्हेंबर 2023 मध्ये क्लबचे 10 गुण कापले गेले (अपिलात 6 झाले), पुढच्या वर्षी आणखी 2. त्या सुनावणीत स्टेडियमच्या कर्जावरचं व्याज तोट्यात धरायचं का, हाही वादाचा मुद्दा होता. डिसेंबर 2024 मध्ये फ्रीडकिन या अमेरिकी समूहाने क्लब घेतला, तेव्हा कुठे लोकांना श्वास घेता आला.

18 मे 2025 रोजी पुरुष संघ गुडिसनवर शेवटचा खेळला. मैदान पाडलं नाही, तिथे आता महिला संघ खेळतो. नव्या स्टेडियमला हिल डिकिन्सन या कायदासंस्थेचं नाव मिळालं आणि 24 ऑगस्ट 2025 रोजी ब्रायटनवर 2-0 विजयाने तिथल्या लीग सामन्यांची सुरुवात झाली.

आता चर्चा आहे ती वाहतुकीची आणि क्षमतेची. जवळचं स्थानक सँडहिल्स, 15-20 मिनिटं चालत. सामन्यानंतर फलाटावर गर्दी कोंबली जाऊ नये म्हणून स्थानकाबाहेर रांगांसाठी वेगळी जागा केली आहे, आणि आसपासच्या वस्त्यांत पार्किंगला बंधनं आहेत. 52,000 च्या वरची ही क्षमता कमी पडते असं म्हणणारे बरेच आहेत. रेलिंगवाल्या जागांवर उभं राहायला आता परवानगी आहे, पण एका खुर्चीमागे एकच माणूस. हा नियम सैल झाला तर आकडा 60,000 च्या पुढे नेता येईल अशी मूळ कल्पना होती. तसं झालं तरी बाहेर पडायचे जिने, स्वच्छतागृहं आणि सँडहिल्सचे फलाट आहेत तेवढेच राहतील. त्यामुळे वाढीव क्षमतेची मागणी करणाऱ्यांनी क्लबबरोबर रेल्वेकडेही तितक्याच जोराने जायला हवं.