तार सुटलीच पाहिजे!

भेंडी चिकट होऊ नये म्हणून आपल्याकडे केवढा खटाटोप चालतो. धुतलेली भेंडी फडक्यावर कोरडी पुसायची, मगच चिरायची, परतताना झाकण ठेवायचं नाही, मीठ शेवटी घालायचं, शिवाय दोन आमसुलं किंवा डावभर ताक. तार म्हणजे भेंडीतला दोष, हे आपण धरूनच चाललेलो असतो. नायजेरियात मात्र पळी वर उचलल्यावर तार आली नाही तर रस्सा फसला असं म्हणतात. तिथल्या इंग्रजीत अशा रश्शांना ‘ड्रॉ सूप’ असं नावच आहे, म्हणजे ओढलं की ताणलं जाणारं. भेंडीला योरुबा लोक ‘इला’ म्हणतात, हौसा ‘कुबेवा’ आणि इग्बो ‘ओक्वुरु’. इंग्रजीतला ‘ओक्रा’ आला तो याच इग्बो शब्दावरून. भेंडी पिकवण्यात भारताचा जगात पहिला नंबर आणि नायजेरियाचा दुसरा. एकच भाजी, पण दोन स्वयंपाकघरं तिला अगदी उलट दिशांना नेतात, आणि दोन्हीकडचे सगळे उपाय एकाच रेणूवर चालतात.

हा रेणू पिठातल्या स्टार्चसारखा नाही. भेंडीचा बुळबुळीत द्रव ही एक बहुशर्करा आहे, म्हणजे शर्करांची लांब साखळी; जॅम घट्ट करणाऱ्या पेक्टिनच्या कुळातली. तिच्या मुख्य साखळीत ऱ्हॅमनोज ही शर्करा आणि गॅलॅक्च्युरॉनिक आम्ल आलटून पालटून येतात, आणि बाजूंना गॅलॅक्टोजच्या आखूड फांद्या फुटलेल्या असतात. साखळी प्रचंड लांब, रेणुभार दहा लाखांच्या घरात. गॅलॅक्च्युरॉनिक आम्लाच्या प्रत्येक कडीवर एक कार्बॉक्सिल गट असतो. साध्या पाण्यात तो आपला हायड्रोजन आयन सोडून देतो आणि ऋण प्रभारित होतो. मग साखळीभर ऋण प्रभारांची रांग लागते. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे साखळी गुंडाळून बसू शकत नाही, हातपाय पसरून राहते. पसरलेली साखळी स्वतःभोवती भरपूर पाणी अडवते आणि शेजारच्या साखळ्यांत अडकते.

यात आमसूल पडलं की सामू (पीएच) खाली येतो, हायड्रोजन आयन परत गटांवर जाऊन बसतात आणि प्रभार विझतात. ढकलाढकली थांबते, साखळी गोळा होऊन बसते, तार तुटते. ताक, चिंच, लिंबू, टोमॅटो सगळे हेच करतात. मिठाची तऱ्हा वेगळी आहे. ते प्रभार विझवत नाही, पण त्याचे सोडियम आयन ऋण प्रभारांभोवती गर्दी करून त्यांना एकमेकांपासून झाकतात. म्हणून मिठाने तार आखूड होते, पण मरत नाही.

आता खुद्द तार. मधाचीही धार लागते, पण मध नुसताच दाट असतो आणि चमचा ढवळतानाही जड लागतो. भेंडीचं पाणी ढवळताना हलकं वाटतं, आणि चमचा उचलला की मात्र हातभर तार निघते. याचं कारण असं की ढवळताना साखळ्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या होऊन एकमेकींवरून निसटतात. उचलताना त्या टोकांकडून ताणल्या जातात. ताणलेली साखळी रबरासारखी मागे खेचते. पृष्ठताण तारेला चिमटून तिचे थेंब पाडायला बघत असतो आणि साखळ्यांचा ताण त्याला अडवून धरतो. या झटापटीत तार बारीक बारीक होत जाते, पण लगेच तुटत नाही. उजेडासमोर धरून नीट पाहिलं तर केसाएवढ्या तारेवर ओळीने बारीक मणी दिसतात, कोळ्याच्या जाळ्यावर दव साचावं तसे. पाकाची एकतारी, दोनतारी वेगळी. तिथे लांब साखळ्याच नसतात. पाणी उडून साखर दाटल्यामुळे पाक चिकट होतो, इतकंच.

पाच भेंड्या किसून 200 मिलिलिटर कोमट पाण्यात 10 मिनिटं ठेवा आणि गाळून चार वाट्यांत वाटा. एक वाटी तशीच ठेवा. दुसरीत खाण्याच्या सोड्याचे चार कण, तिसरीत अर्धा चमचा लिंबाचा रस, चौथीत अर्धा चमचा मीठ. काटा बुडवून वर उचला. लिंबाच्या वाटीतली तार सर्वांत आधी तुटते.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात उसाच्या उकळत्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्यामागेही ह्याच साखळ्या आहेत. रसात तरंगणारा गाळ त्यांच्यात अडकतो, त्याचे पुंजके होतात आणि मळी वर येते.

तार हवीशी का असते, हे रश्शाबरोबर काय खातात ते पाहिलं की कळतं. कुटलेला याम हा कंद, कसाव्याची (साबुदाण्याच्या कंदाची) एबा, ज्वारीचा तुवो हे सगळे घट्ट गोळे. त्यांना मिळून ‘स्वॉलो’ म्हणतात, कारण घास रश्शात बुडवून न चावता गिळायचा असतो. घशात दाब आला की बुळबुळीत रस्सा पातळ होतो आणि घास अलगद खाली सरकतो. उत्तर नायजेरियातला ज्वारीचा तुवो तर आपल्याला अगदी जमण्यासारखा आहे: 800 मिलिलिटर पाणी, 250 ग्रॅम पीठ. थोडं पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओतायचं, पेज दाटली की उरलेलं पीठ घालून लाकडी उलथन्याने घोटायचं आणि झाकून 5 मिनिटं वाफ द्यायची.

रश्शासाठी, चौघांना पुरेल असा अंदाज: मटण 500 ग्रॅम, भेंडी 400 ग्रॅम, लाल पामतेल 60 मिलिलिटर, एक कांदा, एकदोन हबानेरो मिरच्या, सुक्या कोळंबीची पूड दोन मोठे चमचे. नायजेरियात जिला ‘क्रेफिश’ म्हणतात ती सुकवलेली बारीक कोळंबीच असते, त्यामुळे भाजून कुटलेला सुका जवळा बिनदिक्कत चालतो. पामतेलाचं तसं नाही. दुकानातलं स्वच्छ पिवळसर पामतेल शुद्ध करताना त्यातलं कॅरोटीन आणि वास दोन्ही गेलेले असतात. रश्शाला लाल, न शुद्ध केलेलंच तेल लागतं आणि ते धुरावेपर्यंत तापवायचं नाही, नाहीतर रंग उडतो.

मटण कांदा आणि मीठ घालून शिजवा, 600 मिलिलिटर पाणी उरू द्या. त्यात तेल, वाटलेली मिरची, जवळ्याची पूड आणि मिळालं तर चमचाभर ‘इरू’ घालून 10 मिनिटं उकळा. इरू म्हणजे पार्किया झाडाच्या बिया शिजवून बॅसिलस जिवाणूंकडून कुजवलेला उग्र वासाचा मसाला. मराठीत ‘आंबवणं’ म्हटलं की आंबट होणं आलंच, पण इरूत उलटं घडतं. प्रथिनं फुटून अमोनिया सुटतो आणि पदार्थ अल्कधर्मी होतो. म्हणून इरू चव वाढवतं आणि तारेला धक्का लावत नाही. त्या जागी आंबट काही घातलं तर पुढची सगळी मेहनत वाया.

भेंडी कोवळी हवी, टोक वाकवल्यावर कट्‌कन मोडणारी. अर्धी बारीक चिरा, अर्धी किसा. जितक्या पेशी फुटतील तितका द्रव बाहेर येतो. भेंडी सगळ्यात शेवटी घालायची आणि झाकण न ठेवता 3 ते 5 मिनिटंच शिजवायची. झाकण ठेवलं की तार मरते, असं तिथे अनेक घरांत मानतात. वाफेत काही जादू नाही. झाकणाखाली उकळी जोरात येते, भेंडी नको तितकी शिजते, लांब साखळ्या तुटतात. शिवाय भाजीतली उडून जाणारी आम्लं भांड्यातच राहतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो. शेवटच्या मिनिटाला चिरलेला पाला घाला. तिथे ‘उगू’ हा भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलाचा पाला वापरतात, इथे लाल भोपळ्याची कोवळी पानं त्याच्या जवळची.

भेंडीबरोबरच चिमूटभर खार पडतो. योरुबा त्याला ‘काउन’ म्हणतात, इग्बो ‘अकान्वु’. हा चाड सरोवराच्या परिसरातून येणारा ट्रोना, म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचा नैसर्गिक खडा. आपल्या पापडखाराचा सख्खा भाऊच. हरभऱ्याएवढा खडा अर्धी वाटी गरम पाण्यात विरघळवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी वापरायची. खडा नसेल तर अर्धा ग्रॅम खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल असतं. खाराने उरलेसुरले कार्बॉक्सिल गटही प्रभारित होतात, पण मोठा फायदा वेगळा आहे: पेशीभित्तिकांचं पेक्टिन ढिलं पडतं आणि आतला द्रव झपाट्याने बाहेर येतो. खार जास्त झाला तर तीन गोष्टी बिघडतात. भेंडीचा लगदा होतो. खारातलं सोडियम मिठासारखंच वागून तार आखूड करतं. आणि खार पामतेलाशी भिडून साबण होतो. रस्सा लालचा पिवळट दिसू लागतो, जिभेला साबणाची चव लागते. ‘ब’ आणि ‘क’ जीवनसत्त्वांचंही नुकसान होतं. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला खार खातो.

भेंडीचं पाणी रात्रभर ठेवून सकाळी प्यायल्याने मधुमेह जातो, अशी चित्रफीत मोबाइलवर फिरत असते. चिकट तंतूंमुळे आतड्यातून साखर सावकाश शोषली जाते हे खरं, पण त्यावरून मधुमेह जात नाही. उलट 2011 साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या एका प्रयोगात भेंडीच्या द्रवाने मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषधही शोषलं जाऊ दिलं नव्हतं. गोळी घेऊन वर हे पाणी पिणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

‘आफ्रिकन मँगो’ नावाने वजन घटवण्याच्या ज्या गोळ्या विकतात, त्या इर्व्हिंगिया झाडाच्या बियांच्या. त्याचा आपल्या आंब्याशी कुळाचाही संबंध नाही. त्याच बियांची पूड घालून नायजेरियात ‘ओग्बोनो’ रस्सा करतात आणि बियांमध्ये निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो! पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली तर इसबगोलासारख्या गुठळ्या होतात. बाहेरचा थर फुगून बंद होतो, आतलं पीठ कोरडंच राहतं. म्हणून पामतेल कोमट करून आचेवरून उतरवायचं, त्यात पूड कालवायची. कण तेलाने वेगळे झाले की मटणाचं गरम पाणी डावा डावाने घालत हलवायचं आणि मंद आचेवर 10-15 मिनिटं ठेवायचं. चौघांसाठी 80 ग्रॅम पूड पुरते. पूड खवट लागली तर फेकून द्यावी, मसाल्याने ती झाकली जात नाही.

योरुबांचा ‘एवेदू’ तर तागाच्या पानांचा. पोत्यांचा ताग ज्या झाडाचा, त्याचीच कोवळी पानं. चिमूटभर काउन घालून 7-8 मिनिटं शिजवायची आणि ‘इजाबे’ या आखूड केरसुणीसारख्या झाडणीने भांड्यातच ठेचायची. आपली रवी इथे छान चालते. मिक्सर नको, त्याची पाती लांब साखळ्याच कापतात. हौसांच्या ‘मियान कुका’ या रश्शात गोरखचिंचेच्या वाळलेल्या पाल्याची पूड तेच काम करते.

उरलेला भेंडीचा रस्सा दुसऱ्या दिवशी गरम केला की तार आखूड झालेली असते. तेव्हा काउन वाढवू नये. दोनचार कोवळ्या भेंड्या किसून घालाव्यात आणि दोन मिनिटांत आच बंद करावी.