1840 ची रेघ आणि चामड्याचा अंगरखा : वसाहतकालीन अमेरिकी सीमाजीवनाच्या पुनर्सादरीकरणाची पार्श्वभूमी

अठराव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरचे जीवन कपडे, हत्यारे आणि छावणीसह पुन्हा उभे करण्याच्या छंदात जो नव्याने येतो, त्याला आज सर्वप्रथम विचारले जाते ते एवढेच : तुम्ही कोण, कुठले आणि कोणत्या सालचे? 1755 सालचा पेन्सिल्व्हेनियातला शेतकरी, 1763 साली फोर्ट पिट या किल्ल्याच्या आसऱ्याला आलेला व्यापारी आणि 1778 च्या सप्टेंबरात केंटकीतल्या बून्सबरो या वस्तीच्या वेढ्यात सापडलेला शिकारी ही तीन वेगळी माणसे आहेत आणि एकाचा पोशाख दुसऱ्याला चालत नाही, हे त्याला सुरुवातीलाच समजावले जाते. हा आग्रह आज इतका रुळला आहे, की तो पहिल्यापासून असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो गेल्या तीन-चार दशकांतला आहे आणि त्याच्या आधी बराच काळ नेमके उलटे चालत होते.

ज्याला आपण सोयीसाठी ‘सीमा’ म्हणतो, त्या शब्दानेही थोडा गोंधळ होतो. मराठीत सीमा किंवा सरहद्द म्हटले की दोन राज्यांमधली आखीव रेषा डोळ्यांसमोर येते. येथे अभिप्रेत असलेला पट्टा सतत सरकणारा होता आणि त्यात शॉनी, डेलावेअर, चेरोकी या मूळ जमातींची गावे, फ्रेंच ठाणी व नव्या वसाहतवाल्यांची शेते एकमेकांत मिसळलेली होती. त्या काळचे इंग्रज त्याला ‘बॅककंट्री’, म्हणजे मागचा मुलूख, म्हणत. खरोखरीची रेषा आखण्याचा प्रयत्न ऑक्टोबर 1763 च्या राजघोषणेने ॲपलेशियन पर्वताच्या माथ्यावरून केला, पण वस्ती करणाऱ्यांनी ती फारशी जुमानली नाही. ‘फ्रंटियर’ या शब्दाला आज असलेले भारदस्त वलय बरेच उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 1890 च्या जनगणनेने ही सीमा आता उरली नसल्याचे नोंदवल्यानंतर चढले.

छंदाची सुरुवात बंदुकीपासून झाली. 1930 च्या दशकात ओहायो आणि इंडियानातील काही नेमबाजांनी घरोघरी अडगळीत पडलेल्या ठासणीच्या बंदुका बाहेर काढून त्यांच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. 1933 मध्ये त्यांची राष्ट्रीय पातळीवरची संघटना झाली आणि पुढे इंडियानातील फ्रेंडशिप हे छोटेसे गाव या नेमबाजीचे माहेरघर बनले. तेथे जमणाऱ्यांना बंदूक अस्सल हवी होती. अंगावर काय आहे, याची विशेष फिकीर नव्हती. 1954-55 च्या हिवाळ्यात दूरचित्रवाणीवरच्या एका मालिकेने रॅकूनच्या कातड्याची टोपी आणि झालरीचा चामडी अंगरखा घराघरांत पोहोचवला. त्या मालिकेचा नायक 1786 साली जन्मलेला, म्हणजे वसाहतकाळ संपल्यानंतरचा. तरीही अठराव्या शतकाचा सीमावासी म्हणजे असाच, हे चित्र एका अख्ख्या पिढीच्या मनात पक्के झाले आणि तीच पिढी मोठी होऊन छावण्यांत आली.

दुसरे वळण यादवी युद्धाच्या शताब्दीचे. जुलै 1961 मध्ये व्हर्जिनियातील मनॅसस येथे मूळ रणभूमीवरच लढाईचा मोठा प्रयोग झाला. त्याला गर्दी अफाट लोटली, पण जेथे माणसे खरोखर मेली त्या जमिनीवर असा देखावा करावा का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत दोन बाजूंनी एकमेकांवर बार काढण्याला बंदी आली. त्यामुळे फोर्ट नेसेसिटीसारख्या राष्ट्रीय स्थळी छावणी लावता येते, प्रेक्षकांना बंदूक भरून आणि उडवून दाखवता येते, पण लढाई करता येत नाही. लढाया राज्यांच्या, गावांच्या आणि खासगी मालकीच्या जागांकडे गेल्या. मिशिगनमधील मॅकिनॉ सिटीत 2 जून 1763 चा प्रसंग, म्हणजे ओजिब्वे जमातीच्या लोकांनी चेंडूफळीच्या खेळाचा बहाणा करून तेथला ब्रिटिशांचा किल्ला घेतला तो, 1962 पासून गावकरीच उभा करत आले आहेत. इंडियानात वाबॅश नदीकाठी फोर्ट वियाटेनॉनच्या नावाने 1968 मध्ये शरद ऋतूतला मेळावा सुरू झाला. 1976 ला स्वातंत्र्याची द्विशताब्दी आली, जागोजागी लाकडी किल्ले नव्याने बांधले गेले आणि त्यांत वावरायला माणसे हवी होती.

याच सुमारास या छंदातला सर्वांत दूरगामी आणि आजही वादग्रस्त ठरणारा संकेत रूढ झाला : छावणीत 1840 नंतरचे काहीही दिसता कामा नये.

ही रेघ पूर्वेकडच्या वसाहतींची नव्हेच. रॉकी पर्वतात बीव्हरची कातडी मिळवणारे फासेपारधी आणि व्यापारी 1825 पासून दर उन्हाळ्यात ठरल्या जागी जमत, मालाची अदलाबदल करत. या जत्रेला ‘रॉन्देव्हू’ म्हणत आणि तिची शेवटची खेप 1840 साली ग्रीन नदीकाठी भरली. 1970 च्या दशकात ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या हौशींनी या जत्रांचे अनुकरण सुरू केले आणि कालमर्यादाही तीच घेतली. मग पूर्वेकडच्या मेळाव्यांनी ती उचलली. काही ठिकाणी तर 1640 ते 1840 अशी पुरी दोनशे वर्षांची मुभा होती. परिणामी 1758 चा प्रांतिक सैनिक आणि 1835 चा पहाडी फासेपारधी एकाच शेकोटीभोवती बसू लागले. दोघांमध्ये जवळजवळ ऐंशी वर्षांचे आणि अर्ध्या खंडाचे अंतर होते, पण बाजारातल्या विक्रेत्याकडून दोघेही तोच चामडी अंगरखा घेत.

या मोकळ्या रेघेची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे बाजूला टाकण्यासारखे नाही. वर्ष नेमके धरले की खर्च वाढतो, अभ्यास वाढतो, आणि मुलाबाळांसह चार दिवस तंबूत राहायला आलेले कुटुंब दारातूनच परत जाते. आजचे कितीतरी जाणकार त्याच सैल छावण्यांतून आलेले आहेत. तरीही मला दुसरी बाजू अधिक पटते. दोनशे वर्षे एकत्र कालवली की कोणत्याच वर्षाचा माणूस दिसत नाही, आणि पाहायला आलेल्या शाळकरी मुलाला जे दिसते ते कधीच, कुठेच घडलेले नसते.

चामड्याच्या अंगरख्याचे उदाहरण यासाठी नमुनेदार आहे. पश्चिम पेन्सिल्व्हेनियाच्या सीमेवर लहानपण गेलेल्या एका धर्मोपदेशकाने 1824 मध्ये छापलेल्या आठवणींत 1763 ते 1783 या काळातल्या पोशाखाचे वर्णन केले आहे. त्याने पाहिलेला शिकारी अंगरखा बहुतेक वेळा लोकर-लिननच्या मिश्र कापडाचा किंवा जाड्याभरड्या लिननचा होता. हरणाच्या कातड्याचे अंगरखे थोडे होते आणि पावसात ते गार आणि त्रासदायक होत. हा अंगरखा पुढून उघडा, एकावर एक पल्ला घेऊन पट्ट्याने आवळलेला असे, आणि छातीशी तयार होणाऱ्या खोळीत शिकारी भाकरीचा तुकडा, सुकवलेले मांस आणि बंदुकीची नळी पुसायचा बोळा ठेवी. हरणाचे कातडे हा विकायचा माल होता. विजारी, पायांवर चढवायची आवरणे आणि मोकॅसिन, म्हणजे मऊ चामडी जोडे, यांसाठी ते वापरले जाई, पण नखशिखान्त चामड्यात वावरणारा माणूस त्या मुलखात क्वचितच भेटला असता. लिननचा अंगरखासुद्धा सरसकट चालत नाही : 1770 च्या दशकासाठी त्याचे पुरावे विपुल आहेत आणि जुलै 1776 मध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या वसाहतींच्या सैन्याचा सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याने तो वापरण्याची शिफारस लेखी केली, पण 1755 च्या माणसाच्या अंगावर तो घालायला तसा आधार मिळत नाही.

असे तपशील पुढे आले ते वृत्तपत्रांतल्या जाहिरातींमुळे. फिलाडेल्फिया आणि विल्यम्सबर्ग येथील पत्रांत पळून गेलेले करारबद्ध नोकर आणि गुलाम यांना शोधण्यासाठी मालक जाहिराती देत आणि त्यांत सदऱ्याचे कापड, कोटाचा रंग, गुंड्यांचा धातू, जोड्यांची अवस्था असे सगळे लिहीत. माणूस पकडता यावा म्हणून लिहिलेल्या या ओळी आज सामान्य माणसाच्या कपड्यांचा सर्वांत भरवशाचा पुरावा आहेत, आणि त्यांचा आधार घेताना त्या कशासाठी लिहिल्या गेल्या याचा विसर पडू नये असे मला वाटते. मराठी वाचकाला त्यांत एक ओळखीचा शब्द भेटेल : बायकांच्या झग्यांच्या वर्णनात येणारे ‘चिंट्झ’ म्हणजे आपले चीट. हिंदुस्थानातले छापील सुती कापड आणि बंगालचे रेशमी रुमाल लंडनमार्गे अमेरिकी वसाहतींच्या दुकानांत पोहोचत होते.

या जाहिराती सहज पाहता येऊ लागल्या तशी 1990 नंतर निवडक मेळाव्यांत एकच स्थळ आणि एकच वर्ष ठरवण्याची, आणि प्रत्येक वस्तूला त्या काळाचा पुरावा मागण्याची पद्धत वाढली. सैल छावण्या मागे पडल्या, मात्र बंद झाल्या नाहीत. त्यापेक्षा अवघड प्रश्न अलीकडे आला आहे : गोऱ्या हौशींनी अंग रंगवून शॉनी किंवा डेलावेअर योद्धा व्हावे का? पेन्सिल्व्हेनियातील बुशी रन येथे, जेथे ऑगस्ट 1763 मध्ये दोन दिवस लढाई झाली, हा वाद ठळकपणे पुढे आला. ज्यांच्या पूर्वजांची ही गोष्ट आहे त्या जमातींना विचारल्याशिवाय ती दाखवू नये, हे म्हणणे आता जोर धरत आहे, आणि ते बऱ्याच आधी ऐकले जायला हवे होते.

नवख्याला आज दिला जाणारा सल्ला या सगळ्यातून आलेला आहे. पहिल्या वर्षी कपडे गटाकडून उसने घ्यावेत, बंदूक सर्वांत शेवटी घ्यावी आणि शिवायचेच तर आधी सदरा शिवावा. त्या काळचा सदरा सगळा चौकोनी तुकड्यांचा असतो : अंग, बाह्या, गळपट्टी आणि काखेत बसवायचा लहान चौकोन. कापड धाग्याच्या ओळीत कापले की चिंधी जवळजवळ उरत नाही, आणि सगळी शिवण हाताने, बारीक टाक्यांची घालायची असते.