इंग्रजी मजकुराचे प्रूफ तपासताना तो 'अ' खोडू नका

(आमच्या छापखान्यात पत्रके, मेनूकार्डे, माहितीपुस्तिका छापायला देणाऱ्या ग्राहकांसाठी)

प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायला दिलेला नमुना, हातात पडले की बऱ्याच जणांचे पेन एकाच जागी अडते: 'अ फ्यू' (a few). फ्यू म्हणजे एकाहून जास्त, मग त्याआधी एकवचनी 'अ' कशाला, असे म्हणून तो खोडला जातो. शंका रास्त आहे. पण 'अ' गेला की अर्थ फिरतो. 'अ फ्यू' म्हणजे काही, दोन-चार. नुसते 'फ्यू' म्हणजे थोडेच, जवळपास नाहीतच. केटरिंगवाल्याने "वुई हॅव अ फ्यू रेग्युलर कस्टमर्स इन कोथरूड" यातला 'अ' काढला, तर कोथरुडात आम्हाला कोणी विचारत नाही असे त्याने स्वखर्चाने छापून वाटल्यासारखे होईल.

आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चक्क बरेच! ते आम्ही मुद्दाम लिहिलेले असते, राहू द्या.

जे मोजता येत नाही, त्याला फ्यूऐवजी लिटल. नियम तोच. "डिलिव्हरी टेक्स लिटल टाइम" ही मिठाईवाल्याची जाहिरात झाली. मध्ये 'अ' घुसवला की गिऱ्हाईक थांबायच्या तयारीने येते. म्हणजे 'अ' घालतानाही आधी विचारा.

मेनी-मच बहुतेकांना जमते. फक्त फर्निचर, इक्विपमेंट, इन्फर्मेशन हे शब्द इंग्रजीत न मोजण्यातले, त्यांना शेवटी 'एस' लावू नका, दुकानांच्या पाट्यांवर कितीही दिसला तरी. त्यांच्याआधी मेनीही चालत नाही.

प्रूफवर सही मागितली की काहींना तो अविश्वास वाटतो. तसे नाही. सही झाली की ऑफसेटची प्लेट (जिच्यावरून छपाई होते ती) निघते, आणि नंतर एक अक्षर बदलायचे म्हटले तरी प्लेट नवीनच लागते. तिचा खर्च आणि गेलेला दिवस कोणाच्या खात्यावर, हा वाद फोनवरच्या "हो हो, टाका"वर मिटत नाही. म्हणून खटकेल तिथे खोडू नका, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा. आम्ही कारण सांगू. पटले नाही तर तुमचेच छापू, पण सही घेऊन.

इंग्रजीची धास्ती असेल तर मराठीत लिहून आणा, हाताने लिहिलेले चालेल. इंग्रजी मजकूर आम्ही करून देतो. त्याचे पैसे वेगळे, पण पहिली दोन प्रुफे त्यातच. प्रूफचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर उजेडात, कागद सपाट ठेवून काढा.