बारीक कामाला बारीकच ब्रश?

‘२८ मिलिमीटर मापाच्या ड्वार्फ (बुटक्या) योद्ध्यांच्या छोट्या मूर्तींचे डोळे नि दाढ्या रंगवायला तीन शून्यांचाच (०००, म्हणजे अगदी बारीक) ब्रश हवा’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. पटण्यासारखा वाटतो, पण रेघ बारीक येते ती टोकामुळे, ब्रशच्या नंबरामुळे नव्हे. तीन शून्यांच्या ब्रशात रंग जेमतेम मावतो. ॲक्रिलिक लवकर वाळतो, म्हणून टोक कोरडं पडतं आणि दाढीची रेघ मध्येच तुटते. त्याहून जाड १ नंबरच्या ब्रशाच्या पोटात, म्हणजे केसांच्या फुगीर भागात, रंग साठतो, टोक ओलं राहतं. अख्खी तुकडी रंगवताना हा फरक फार जाणवतो.

स्वतः पाहा: दोन्ही ब्रश एकाच पातळ केलेल्या रंगात बुडवा, जादा रंग टिपून कागदावर रेघा ओढा. कुठला आधी कोरडा पडतो? मात्र १ नंबरचं टोक ओलं केल्यावर नीट जुळतं ना, हे आधी बघा. फाटलेल्या टोकाने कुठलाच ब्रश चालत नाही.